रिलीव्हर येईपर्यंत

हिंजवडीच्या त्या मोकळ्या प्लॉटवर सकाळ दोनदा व्हायची. पहिली शहराच्या बाजूने, रीतसर, सगळ्यांना मिळते तशी. आणि दुसरी थोड्या वेळाने, रस्त्यापलीकडच्या नव्या काचेच्या इमारतीवरून परतून आलेली, पांढरी, किंचित थंड वाटणारी. त्या परतीच्या प्रकाशात उभं राहून दाढी करणारे एक वृद्ध गृहस्थ मला आजही दिसतात. फायबरच्या निळ्या केबिनच्या कडीला टांगलेला तळहाताएवढा आरसा, गालावर साबणाचा फेस, आणि त्या फेसातून सावकाश उतरणाऱ्या पात्याची खरखर. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक धुरळा उडवत जात, पलीकडे खडक फोडण्याची यंत्रं धडधडत असत, आणि त्या गदारोळात पात्याची खरखर ऐकू येण्याचा काही संबंध नव्हता. पण मेजर आठवले की मला आधी तो आवाज येतो, आणि चेहरा मागाहून येतो.

मेजर म्हणजे सखाराम नलावडे. फौजेत ते लान्सनायकाच्या पुढे कधी गेले नव्हते. पण साताऱ्याकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, आणि ही बढती सरकारलाही परत घेता येत नाही. उंच, शेवग्याच्या शेंगेसारखा वाळका आणि सरळ बांधा. पांढऱ्या, काटेकोर कापलेल्या मिशा. खाकी शर्टाची कॉलर विरून तिचे दोरे सुटलेले, पण बाहीवरची घडी मात्र धारदार. ती इस्त्री ते पितळी तांब्यात निखारे भरून करत असत. निखारे शेजारच्या चहाच्या टपरीवरून, सुमनताईंच्या शेगडीतून येत. ही सगळी व्यवस्था मला फार पुढे समजली.

मी तेव्हा पुण्यातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवत होते. शहराला काच आणि संगणक यांचं एकदमच वेड लागलेली ती वर्षं. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दर घरातला एक मुलगा सकाळी गळ्यात ओळखपत्राची दोरी घालून कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असे, आणि दुसरा असलाच तर तो अमेरिकेत असे. अशा दिवसांत समाजकार्य शिकायला येणाऱ्या मुलांकडे त्यांचे नातेवाईक जरा काळजीनेच पाहत. त्यातल्या दोघांना मी त्या वर्षी क्षेत्रकार्यासाठी विषय दिला होता: घर नसलेले माजी सैनिक आणि त्यांच्यासाठी असलेल्या सेवा.

तन्वी कोथरूडचीच, बोलण्यात अर्धं इंग्रजी, आणि प्रश्न विचारताना समोरच्याचा मुलाहिजा न ठेवणारी. तिने विषय ऐकताच नाक मुरडलं.

"मॅडम, आर्मीवाले होमलेस कसे असतील? त्यांना सगळं मिळतं. कॅन्टीनसुद्धा!"

पुण्यात सैनिकाविषयीचा आदर आणि त्याच्या कॅन्टीनविषयीचा हेवा एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदतात, त्यामुळे मला तिचं नवल वाटलं नाही. दुसरा विद्यार्थी गजानन बुलढाण्याकडचा, मितभाषी, वसतिगृहात राहणारा. तोही म्हणाला, "माह्या गावात तं फौजीचं घर सगळ्याइत मोठं रायते, मॅडम."

मग आम्ही शिकायला बसलो. निवृत्तिवेतन, इस्पितळ, मुलांची वसतिगृहं, जिल्ह्याच्या कल्याण कार्यालयातली कामं, वृद्ध सैनिकांसाठी विश्वस्त मंडळांनी चालवलेले आश्रम. गजाननने फळ्यावर या साऱ्यांचं जाळं काढलं, आणि ते फारच सुबक दिसत होतं. वर्गात सगळंच सुबक दिसतं. जाळ्याच्या रेषांमध्ये राहिलेल्या मोकळ्या जागांवर बोट ठेवून मी विचारलं, इथून कोण खाली पडतं? दोघांनी बराच विचार केला, आणि शेवटी ते विचारायला हिंजवडीला जायचं ठरलं, कारण तिथल्या फाटकाफाटकांवर उभे असलेले बहुतेक पहारेकरी कधीकाळी फौजेत होते.

तिथे त्यांना पहिल्याच दिवशी मेजर भेटले. रिकाम्या प्लॉटच्या तोंडाशी, हातात काठी, पायात चकाकणारे बूट. आम्ही मुलांना शिकवत असू की सेवार्थी, म्हणजे ज्याच्यासाठी काम करायचं तो माणूस, जमिनीवर असेल तर आपणही जमिनीवर बसावं, त्याच्या डोळ्याच्या पातळीवर यावं. मेजर उभे होते तरी ही दोघं धडा गिरवल्यासारखी धुळीत बसली. मेजर खाली पाहून म्हणाले, "उठा बरं. कापडं खराब व्हत्यात."

ती उठली, आणि त्यांनी मेजरांना आपलं काम सांगितलं. मेजरांनी ते गांभीर्याने ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून ते त्यांचे वाटाडे झाले. कोणत्या फाटकावरचा कोण कोणत्या पलटणीतला, कोणाचं लेकराशी पटत नाही, कोण पुलाखाली झोपतो, कोणाला दारूने खाल्लं, हे ते हलक्या आवाजात, कोणाची बेअब्रू होणार नाही अशा बेताने सांगत. मुलं टिपणं घेत. आठवड्यांमागून आठवडे ती तिघं दुपारच्या उन्हात बेघर सैनिक शोधत हिंडली, आणि ज्याच्या मागोमाग ती हिंडत होती त्याला घर नव्हतं. एवढा नीटनेटका, एवढा ताठ, दाढी करून बूट चमकवून उभा असलेला माणूस बेघर असेल हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. बेघर म्हणजे मळकट, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, तरी त्यांनी ते पाठ केलं होतं.

सुमनताईंनी एकदा चहा गाळता गाळता सहज सांगितलं. त्या मूळच्या तिथल्याच. जिथे काचेची इमारत उभी होती तिथे त्यांच्या सासऱ्यांचा भात असे. "मेजर व्हय? त्ये तितंच ऱ्हात्यात की, त्या खोक्यात. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

तन्वी त्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. एकही इंग्रजी शब्द न वापरता ती बोलली, यावरून मी काय ते ओळखलं.

मग मी स्वतः गेले, आणि पुढे वरचेवर जात राहिले. ऑक्टोबरच्या उन्हात तो प्लॉट तापून पांढरा पडलेला असे. मुरमाचे ढीग, गंजलेल्या सळयांची मोळी, वाळत चाललेलं गवत, आणि या सगळ्याच्या मुखाशी ती केबिन. पाहुण्याला घर दाखवावं इतक्या सहजपणे मेजरांनी मला आत डोकावू दिलं. पत्र्याची ट्रंक, तिच्यावर चौकोनी घडी घातलेलं कांबळं, एका खिळ्यावर टोपी. पहाऱ्याच्या केबिनीत माणूस उभा राहू शकतो, बसू शकतो. लांब होऊ शकत नाही. आडवं व्हायचं तर पाय दाराबाहेर काढावे लागत, आणि पहाऱ्यावरच्या माणसाचे पाय बाहेर पसरलेले दिसणं मेजरांना पसंत नव्हतं. म्हणून ते कोपऱ्यात पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन झोपत. त्या बांध्याचा माणूस एवढ्याशा जागेत कसा मावत असेल, या विचाराने मला घरी माझ्या पलंगावर ओशाळल्यासारखं होई.

त्यांची कहाणी त्यांनी गजाननला सांगितली होती, तीही दुसऱ्या कोणाची असल्यासारखी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा पेन्शनीची वर्षं भरण्याआधीच त्यांनी फौजेतून नाव कापून घेतलं. आई गेली; पुढे लग्न झालं, मूल होण्याआधी बायको गेली; भावाने घर आपलंसं केलं, आणि भांडण नको म्हणून मेजर पुण्याला आले. पुण्यात तेव्हा इमारती उगवत होत्या. औंध, बाणेर, बालेवाडी. पाया खणला की राखणदार लागे आणि मेजर तिथेच राहायला जात. ओल्या सिमेंटच्या वासात, पाणी मारलेल्या भिंतींच्या गारव्यात, दारं नसलेल्या चौकटींमधून येणाऱ्या वाऱ्यात त्यांनी कित्येक वर्षं काढली. मग खिडक्या बसत, रंगाचा हात फिरे, एखाद्या दाराला झेंडूचं तोरण लागे, गृहप्रवेशाचे मुहूर्त निघत; आणि पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीचा फोन येई की उद्यापासून येऊ नका. घर पुरं होई आणि मेजर रस्त्यावर येत. मग नवा पाया, नवा मुरूम, नवी केबिन. या शहरातल्या कितीतरी दिवाणखान्यांत हा माणूस त्या घरच्या मालकाआधी झोपलेला आहे.

हिंजवडीच्या प्लॉटवर मात्र वेगळंच झालं. काम सुरू होता होता थांबलं, ठेकेदार निघून गेला, पुढे ती एजन्सीच बंद पडली. उद्यापासून येऊ नका असं सांगायला कोणी उरलंच नाही. म्हणून मेजर थांबले. पगार नव्हता, मालक नव्हता, राखण्यासारखं काही नव्हतं. तरी सकाळी दाढी, बुटांना पॉलिश, आणि संध्याकाळी बसगाड्यांची वर्दळ ओसरेपर्यंत काठी घेऊन प्लॉटच्या कडेने फेरी. दुपारी प्लॉट सुमनताईंच्या नजरेखाली ठेवून ते फाटकाफाटकांवर बदली पहारेकरी म्हणून उभे राहत आणि त्यावर पोट भरत. मी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत सुमनताईंच्या बाकड्यावर बसे. सुकलेल्या मुरमावर टाच आधी पडे, मग चवडा. त्यात घाई नव्हती आणि कंटाळाही नव्हता. इतकं निरर्थक आणि इतकं सुंदर काम मी दुसरं पाहिलं नाही, हे मी आज बेधडक म्हणेन.

मुलांनी त्यांच्यासाठी जागा शोधली. खडकवासल्याच्या वाटेला, पाण्याकडे तोंड केलेला, म्हाताऱ्या सैनिकांचा एक लहानसा आश्रम होता. मेजरांची कागदपत्रं शाबूत होती, कल्याण कार्यालयातल्या गृहस्थांनी स्वतः दूरध्वनी केले, आणि कधी नव्हे ते सगळं विनातक्रार जुळून आलं. एक खाट रिकामी होती. ती दिवाळीपर्यंत ठेवू, पुढे दुसऱ्याला देऊ, असं आश्रमाने कळवलं. इकडे प्लॉटही विकला गेला होता. दिवाळी झाली की खोदकाम सुरू होणार आणि केबिन उचलून नेणार, असं नव्या ठेकेदाराचा माणूस सांगून गेला. म्हणजे मेजर खाटेवर जातील किंवा पुन्हा रस्त्यावर, एवढाच प्रश्न होता. गजानन आनंदाने हे सांगायला गेला आणि हिरमुसून परत आला.

"ते येत नाहीत, मॅडम. ड्युटी सोडून कसं येऊ, म्हणतात. म्या म्हटलं, कोणाची ड्युटी, मेजर? तं म्हणे, रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडत न्हाईत."

रिलीव्हर हा पहारेकऱ्यांचा रोजचा शब्द. आपली पाळी संपली की जागा ताब्यात घ्यायला जो येतो तो. तो येत नाही तोवर पोटात कावळे ओरडोत की घरी पाहुणे येवोत, हलायचं नाही. मला प्रथम रागच आला. अहो, रिकाम्या प्लॉटचा कसला पहारा आणि कसला रिलीव्हर! मी स्वतः जाऊन गोड बोलले, खाटेचं वर्णन केलं, थंडीची भीती घातली. मेजर सगळं ऐकून घेत आणि विनयाने मान हलवत. ते वेडे नव्हते, हटवादीही नव्हते. परत येताना बसमध्ये, वाकडच्या चौकात वाहतूक तुंबलेली असताना, मला ते उमगलं. फौज सोडल्यापासून या माणसाला दर ठिकाणाहून काढलं गेलं होतं. त्याच्याकडून जागा रीतसर मागून घ्यायला कधीच कोणी आलं नव्हतं.

हे मी वर्गात बोलून दाखवलं. गजानन दुसऱ्याच दिवशी मेजरांपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी रिलीव्हर. मेजरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चपला घालून? आन् शर्टाचं बटान?" बिचारा परत आला. तन्वी खो खो हसली, आणि हसता हसता एकाएकी गप्प झाली. कनिष्ठ महाविद्यालयात असताना जादा गुणांसाठी ती एनसीसीत गेली होती आणि कवायतीला शिव्या घालत घालत तिने ती दोन वर्षं काढली होती. फसवणूक होईल का हे, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, तूच ठरव. तू नाटक करणार असशील तर जाऊ नकोस.

वसुबारसेच्या सकाळी ती आली. पांढरा सलवार-कमीझ, घट्ट बांधलेले केस, बुटांच्या नाड्या ओढून बांधलेल्या. हवेत पहिला गारवा होता, रस्त्यावर दिवाळीमुळे बसगाड्या विरळ होत्या, आणि काचेवरून आलेला तो दुसरा उजेड नुकताच प्लॉटवर पसरत होता. ती मेजरांसमोर तीन पावलांवर थांबली. टाच टाचेला लागली.

"रिलीव्हर हजर, मेजर."

मेजरांनी तिच्या बुटांपासून केसांपर्यंत नजर फिरवली. मग त्यांनी मान हलवली आणि तिला फेरीवर नेलं. चारही कोपऱ्यांचे दगड दाखवले, सळयांची मोळी दाखवली, पावसाचं पाणी कुठे साचतं ते काठीने दाखवलं, मुरमाच्या ढिगामागे व्यालेली कुत्री दाखवली आणि म्हणाले, "पिल्लं रस्त्यावं जात्यात. लक्ष ऱ्हाऊ द्या." ती प्रत्येक वेळी 'हो' म्हणत होती, आणि तिच्या त्या 'हो'मध्ये थट्टेचा लवलेश नव्हता. फेरी पुरी झाली. मेजरांनी काठी दोन्ही हातांनी पुढे केली.

"चार्ज दिला."

"चार्ज घेतला."

आणि मग मी एक विलक्षण गोष्ट पाहिली. मेजर सुमनताईंच्या टपरीपाशी चालत आले आणि बाकड्यावर बसले. त्यांना बसलेलं आम्ही कोणीच आजवर पाहिलं नव्हतं. खांदे खाली आले, पाठ वाकली, हात मांडीवर सैल पडले, आणि एका क्षणात ते जेवढ्या वयाचे होते तेवढे दिसू लागले. सुमनताईंनी चहा पुढे केला. तो त्यांनी फुंकून फुंकून, बशीत ओतून, सावकाश प्यायला. मला रडू आवरेना, म्हणून मी रिक्षा बघायला गेले.

रिक्षात ट्रंक पायाशी घेऊन ते माझ्या शेजारी बसले. चांदणी चौक मागे पडला, खडकवासल्याकडून येणारा पाण्यावरचा वारा लागला, तेव्हा ते स्वतःहून बोलले. "बाई, मला काय कळत न्हाई व्हय? त्या जागंवं राखायचं काय बी न्हाई. पर पोरगीनं नीट हुबं राहून मागितली. मागितल्यावं द्याया पायजे."

आश्रमात ते दोन हिवाळे जगले. मी भेटायला जाई तेव्हा बहुधा ते झोपलेले असत: खाटेवर पाठीवर, पाय पुरते लांब करून, तोंडावर पाण्यावरून आलेला मंद उजेड. मी त्यांना उठवत नसे. खिडकीशी बसून त्यांचा श्वास ऐके आणि परत येई. त्यांच्या अखेरच्या आजारात गजानन त्यांच्यापाशी होता. शेवटी त्यांना काही त्रास झाला नाही, असं तो म्हणाला.

पण मला सांगायचं आहे ते त्या वसुबारसेच्या संध्याकाळबद्दल. मेजरांना पोचवून, त्यांचं जेवण झालेलं पाहून मी परत हिंजवडीला आले, कारण मुलं घरी गेली की नाही याची चुटपुट होती. ऊन उतरलं होतं. टपरी बंद करून सुमनताई पणत्या लावायला घरी गेल्या होत्या. गजानन रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता, आणि प्लॉटच्या तोंडाशी, सकाळी जिथे मेजरांनी तिला सोडलं होतं तिथेच, तन्वी काठी घेऊन उभी होती. ओठ सुकलेले, कपड्यांवर धूळ. मी म्हटलं, अगं वेडे, ते केव्हाच पोचले, जेवलेसुद्धा. आता चल.

ती हलली नाही. म्हणाली, "मॅडम, मी चार्ज घेतलाय. मला रिलीव्ह कोण करणार?"

मी हसले, आणि तिचा चेहरा पाहून थांबले. आम्ही तिघंही तिथे काही वेळ उभे राहिलो, रस्त्याकडे पाहत. कोणी येणार नव्हतं. अंधारून आलं तेव्हा गजाननने तिच्या हातातली काठी हळूच घेतली, केबिनला टेकवून ठेवली, आणि मागे न पाहता आम्ही बसथांब्याकडे चालू लागलो. दिवाळी होताच तिथे खोदकाम सुरू झालं. आता तिथे काचेची इमारत आहे आणि तिच्या दारावर कोणीतरी तरुण पहारेकरी उभा असतो. त्या रस्त्याने जाताना मी अजूनही मान वळवून पाहते. माणसं निघून जाताना स्वतःची जागा आपल्या स्वाधीन करून जातात; आपल्याकडून ती मागून घ्यायला कोणी येईल की नाही, हे सांगायला मात्र ती थांबत नाहीत.